तक्रार असलेल्या दोन व्यक्ती

कवळ्या शिजवायची टाकी बिघडली, तेव्हा कवळीवाल्यांनी आधी तो दोष घड्याळावर ढकलला. घड्याळ जुनं होतं. मग थर्मामीटरवर ढकलला. थर्मामीटर त्याहून जुना होता. दोन्ही बदलून पाहिल्यावर टाकीचा दोष टाकीतच निघाला.

'शिजवायची' हा त्यांचाच शब्द. ते डॉक्टर नव्हते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेत आणि यांच्याकडे पाठवून देत. पुढचं सगळं यांचं. साच्यात प्लास्टर ओतायचं, त्या प्लास्टरच्या हिरडीवर मेणात एकेक दात उभा करायचा, मग ते सगळं पितळी डब्यात बसवून मेण वितळवून काढायचं आणि मेणाच्या जागी गुलाबी पीठ दाबून भरायचं. तो डबा पाण्यात हळूहळू तापत गेला पाहिजे. पाणी घाईने उकळलं की हिरडीत बुडबुडे राहतात, आणि असली कवळी एखाद्या दिवशी चार माणसांत जेवताना तोंडातच मोडते.

टाकी आता मनाला येईल तशी उकळत होती. एका आठवड्यात तीन कवळ्यांत बुडबुडे निघाले. तिन्ही त्यांनी स्वतः हातोडीने फोडल्या आणि स्वतःच्या खर्चाने पुन्हा केल्या. चौथी मात्र नजरेतून सुटली आणि डॉक्टरांच्या हातात गेली.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत नवीन टाकी बसवा. नाहीतर मला मोठ्या लॅबला काम द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

"छे, वाईट कसलं!" कवळीवाले म्हणाले, आणि घरी येऊन वाईट वाटून घेतलं. त्यांच्या दहातल्या आठ कवळ्या या डॉक्टरांच्या असत. ते काम गेलं तर उरलेल्या दोन कवळ्यांवर खोलीचं भाडंसुद्धा निघालं नसतं.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, नखांत कायम पांढरं प्लास्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची सवय. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की यांना आधी दात ओळखू येत, मग माणूस. सकाळी देवापुढे हात जोडून एकच मागायचे, आजची कवळी नीट बसू दे. एवढंच मागणारा माणूस असल्यामुळे देवही बहुधा ते देऊन टाकत असावा. पैसे मागणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. कुणी "किती झाले?" विचारलं की ते हसायचे आणि म्हणायचे, "द्या हो सावकाश." लोक सावकाश देत. काही तर इतके सावकाश की अजून देताहेत.

पॉलिशचं काम बायको करायची. मोटरपुढे बसून कवळी अशी घासायची की तिच्यात बल्ब दिसला पाहिजे. हिशेबही तीच ठेवायची, म्हणजे काय काय आलं नाही ते लिहून ठेवायची.

नवी टाकी आणि डबा दाबायचं यंत्र मिळून ऐंशी हजार होत होते.

बँकेतल्या मुलीने कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला. "काका, तुमचा क्रेडिट स्कोअर पाचशे अठरा आहे."

"कितीपैकी?"

"नऊशे."

कवळीवाल्यांनी मनात गणित केलं. "सत्तावन्न टक्के झाले. आमच्या शाळेत एवढ्यात पास करायचे."

"इथे नाही करत," मुलगी म्हणाली. "तारण काही आहे का? घर, सोनं?"

घर भाड्याचं होतं. सोनं होतं, ते तीन वर्षांपूर्वी गेलं. तेव्हा साडूने मालवाहू टेम्पोसाठी कर्ज काढलं होतं आणि यांनी जामीन म्हणून सही केली होती. साडू एके दिवशी टेम्पो घेऊन गेला तो गेलाच. फोन तेवढा घरी ठेवून गेला. बायकोची बहीण तेव्हापासून माहेरी होती. ते कर्ज कवळीवाल्यांनी पैन् पै फेडलं, पण उशिरा फेडलं, आणि कॉम्प्युटरच्या लक्षात फक्त उशीर राहिला.

या विषयावर घरात बायको बोलत नसे. साडू तिच्या बाजूचा होता. नवऱ्याला एरवी दिवसातून चार वेळा सुनावणारी बाई टेम्पोचा आवाज आला की कांदा चिरायला घ्यायची.

मग फोनवर जाहिरात आली. 'खराब क्रेडिट? तारण नाही? काळजी सोडा!' आपल्याला इतकं नेमकं ओळखणारं कुणीतरी आहे याचं कवळीवाल्यांना बरं वाटलं. बायकोने चष्मा लावून खालचं बारीक वाचलं.

"आधी अडीच हजार फी भरा म्हणतोय."

"मग?"

"मग काय? ज्याच्याकडे नाहीत म्हणून जो आलाय, त्याच्याकडेच आधी मागतोय. ठेवा तो फोन खाली. आणि ते 'होय' कशाला दाबताय?"

कुणीतरी फर्निचरच्या दुकानदाराचं नाव सांगितलं. तो कपाटांच्या मागे बसून बिनतारणी पैसे देत असे. कवळीवाले गेले.

"शेकडा दहा," दुकानदार म्हणाला.

"वर्षाला?"

"महिन्याला."

कवळीवाले त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "तुमच्या डाव्या बाजूला खालच्या दोन दाढा नाहीत," ते म्हणाले. "बसवून घ्या. नाहीतर वरच्या खाली उतरायला लागतील."

दुकानदाराने गालाला हात लावला. व्यवहार तिथेच थांबला.

राहता राहिली पतपेढी. सायकलच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांची. बँकेने परत पाठवलेल्यांनाही ती बिनतारणी कर्ज द्यायची, अशी ख्याती होती. पण मिळालेला माणूस कुणी पाहिला नव्हता. चिटणीस सत्तरीचे, सुती बंडी घालणारे, आणि घाई या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नसलेले. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. कवळीवाल्यांनी सुवाच्य अक्षरात, साडूच्या जामिनासकट, आठ रकाने भरले आणि नवव्याशी थांबले.

'अर्जदाराविषयी तक्रार असलेल्या दोन व्यक्तींची नावे व पत्ते. नातेवाईक चालणार नाहीत.'

"हे चुकून छापलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे माझ्याबद्दल चांगलं बोलणारे..."

"चांगलं बोलणारे सगळेच आणतात," चिटणीस म्हणाले. "तुमच्या साडूंनीसुद्धा बँकेत आणला होता एक."

"कोण?"

"तुम्ही."

कवळीवाल्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ज्याच्या कपाळाला आठी आहे तोच खरं सांगतो," चिटणीस सावकाश म्हणाले. "आमचे चौकशीवाले काका जाऊन विचारतील. माणूस पैसे बुडवतो ही तक्रार असली तर कर्ज नाही. घोरतो, भांडतो, कोपिष्ट आहे, चालेल. तक्रार नाहीच म्हणाले, तर तुम्ही माहिती खोटी दिलीत असं धरतो. मग एक वर्ष अर्ज करता येत नाही."

घरी येऊन त्यांनी बायकोपुढे अर्ज ठेवला.

"नातेवाईक चालत असते तर हे पान पुरलं नसतं," ती म्हणाली. "पुरवणी लावावी लागली असती."

पहिलं नाव सोपं होतं. खाली पुस्तकबांधणीवाला होता. पॉलिशच्या मोटरची घरघर आणि ओल्या खळीवर बसणारी पांढरी धूळ यावर तो गेली अकरा वर्षं बोलत होता. त्याला विचारायला गेले, तर त्याचा चेहरा उजळला.

"माझं नाव देणार? खरंच? कधी येणार ते? मी तयारीत राहतो."

दुसरं नाव सुचेना. कवळीवाले फळीवर ठेवलेल्या प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत बसले. केलेल्या प्रत्येक कवळीचा जबडा ते दातांच्या ठशासह जपून ठेवत, खाली नाव लिहून. बघता बघता त्यांची नजर एका जबड्यावर गेली आणि तिथेच अडकली.

तो मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या अर्ध्या बायका अजून त्यांना पाहिलं की पदर सारखा करत. तीन वर्षांपूर्वी यांनी त्यांची कवळी केली होती. बोलताना ती टकटक वाजायची. बाई दोनदा जिना चढून आल्या. दोन्ही वेळा कवळीवाले म्हणाले, "सवय होईल." तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत, आणि पुढे रस्त्यात दिसल्या की समोरच्या फुटपाथवर जायच्या.

"लिहा त्यांचं नाव," बायको म्हणाली. "झालं की काम!"

नाव लिहिलं, शनिवारी अर्ज दिला. काम व्हायला हरकत नव्हती. पण रविवारभर कवळीवाले तो जबडा हातात घेऊन बसले. वरचा आणि खालचा भाग त्यांनी बिजागरीच्या सांध्यावर लावून उघडझाप केली. मोजपट्टी लावली. दात एक मिलिमीटर उंच बसले होते. बाईंना सवय होण्याचा प्रश्नच नव्हता; तोंड मिटायच्या आधीच दात एकमेकांवर आपटत होते. टेम्पो गेला तो हाच आठवडा होता, हे त्यांना आठवलं. त्या आठवड्यात त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं.

मंगळवारी सकाळी ते हातमशीन, कानशी आणि पॉलिशची डबी पिशवीत घालून मोठ्या बाईंच्या दारात उभे राहिले.

"काय काम आहे?" टक.

"तीन वर्षांपूर्वी चूक झाली माझी. आज दुरुस्त करतो."

बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि आत घेतलं. खिडकीजवळच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून कवळीवाल्यांनी दोन तास काम केलं. निळा कागद चावायला द्यायचा, निळा ठिपका उमटेल तिथे घासायचं, पुन्हा द्यायचा. सतरा वेळा. अठराव्या वेळी बाईंनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि एक आख्खं पान मोठ्याने वाचलं. आवाज आला तो फक्त बाईंचा.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "शाळेच्या प्रार्थनेला बोलवायचे मला. मी जाणं बंद केलं होतं." आणि लगेच, "किती झाले?"

"छे हो! चूक माझी, पैसे कसले?"

"किती झाले म्हणते मी."

कवळीवाले हसले, पिशवी उचलली आणि जिना उतरले. पतपेढीचा विषय काढायचा त्यांना धीर झाला नाही. तुमच्याबद्दल मी असं लिहिलंय, हे कोणत्या तोंडाने सांगणार!

घरी त्यांनी मोठ्या आनंदाने हे सगळं बायकोला सांगितलं. तिने मोटर बंद केली.

"म्हणजे तुम्ही तक्रार मिटवून आलात."

"हो ना. अगदी व्यवस्थित बसली."

"अहो," ती शांतपणे म्हणाली, आणि ती शांतपणे बोलली की ते घाबरत, "त्या तक्रारीवर आपल्याला ऐंशी हजार मिळणार होते."

कवळीवाले जे खाली बसले ते संध्याकाळीच उठले.

बुधवारी पतपेढीचे काका चौकशीला आले. पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे पत्ता शोधण्यात तरबेज. पुस्तकबांधणीवाल्याने त्यांना सव्वा तास बसवून घेतलं, धुळीचे नमुने दाखवले, आणि शेवटी म्हणाला, "बाकी पैशाला सरळ आहे. पण ते काय कौतुक आहे का?" मोठ्या बाईंकडे मात्र काका दोन मिनिटांत परतले.

गुरुवारी चिटणिसांनी बोलावून घेतलं. "बाई म्हणाल्या, माझी काही तक्रार नाही."

"होती हो. सोमवारपर्यंत होती."

"म्हणजे तुम्ही जाऊन त्यांना गप्प केलंत."

"गप्प नाही केलं. उलट आता त्यांना नीट बोलता येतं."

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. कवळीवाल्यांनी मिलिमीटर, निळा कागद, प्रार्थना, सगळं सांगितलं. चिटणिसांनी सगळं ऐकलं आणि चष्मा परत घातला. "तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण रकान्यात विश्वास लिहायला जागा नाही. शनिवारी बारापर्यंत बाईंची तक्रार लेखी आणा. नाहीतर मला अर्ज बंद करावा लागेल."

महिनाअखेर पुढच्या बुधवारी होती.

त्या संध्याकाळी कवळीवाले पुन्हा मोठ्या बाईंकडे गेले आणि खाली मान घालून एकदाचं सगळं सांगितलं.

"माझं नाव दिलंत," बाई म्हणाल्या.

"दिलं."

"तक्रारखोर म्हणून."

"तक्रार खरी होती, बाई."

"होती. आता नाही. आणि नसलेली तक्रार मी लिहून देऊ?"

"दोन ओळी. काहीही. मी उद्धट आहे, असं लिहिलंत तरी चालेल."

"तुम्ही उद्धट नाही."

"वेळ पाळत नाही."

"मंगळवारी नवाला आलात. घड्याळ बघितलं होतं मी." बाई ताठ बसल्या. "छत्तीस वर्षं पोरींना सांगत आले, खोटं लिहू नका. आता या वयात देवाला काय तोंड दाखवू?"

कवळीवाल्यांनी पिशवी शोधली, ती आणलीच नव्हती. ते उठले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मंगळवारचे किती झाले?"

"राहू द्या हो, बाई."

"हे तिसऱ्यांदा विचारतेय."

"द्या सावकाश," कवळीवाले सवयीने म्हणाले, सवयीने हसले, आणि गेले.

घरी बायकोने चेहरा बघूनच ताट वाढलं. वाढता वाढता म्हणाली, "मोठ्या लॅबमध्ये माणसं घेतात म्हणे. पॉलिशला." आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, "माझ्या माणसांमुळे झालं हे सगळं."

"तुझ्या माणसांमुळे काय? सही माझी होती," कवळीवाले म्हणाले. "कांदा नको चिरूस आता. भरपूर चिरलाय."

शनिवारी साडेअकराला ते पतपेढीत गेले, ते अर्ज बंद झाल्याची पोच घ्यायला. चिटणिसांच्या पुढे एक लांबट पाकीट होतं.

"काल संध्याकाळी बाई स्वतः जिना चढून आल्या," ते म्हणाले. "काकांच्या हातीसुद्धा दिलं नाही. वाचतो."

अक्षर फळ्यावरचं होतं, एका रेषेत. चिटणीस वाचू लागले.

"'अर्जदाराविषयी माझी तक्रार पुढीलप्रमाणे आहे. सदर इसम मंगळवारी माझ्या घरी येऊन दोन तास काम करून गेला. मी तीन वेळा पैसे विचारले. त्याने घेतले नाहीत. मी नोकरीत असताना व नंतरही कोणाचे देणे ठेवलेले नाही. आज चौथा दिवस मी या इसमाची देणेकरी आहे. मला झोप लागत नाही. विचारले असता हा हसतो. माझ्यासारखे गावात आणखी किती असतील याची चौकशी व्हावी. जो माणूस दुसऱ्याला फेडू देत नाही, त्याने स्वतः कर्ज मागावे हे मला चमत्कारिक वाटते. तक्रार खरी आहे. देवाला स्मरून लिहिली आहे.'"

चिटणिसांनी कागद अर्जाला टाचला. "गंभीर आहे," ते म्हणाले. "गावात किती आहेत?"

कवळीवाले हसायला लागले होते ते थांबले. "बायकोला माहीत."

बायकोला बोलावणं गेलं. ती पॉलिशच्या हातांनी आली, वही काखेत घेऊनच. ती वही बघायला कधीतरी कुणीतरी मागेल, याची ती बावीस वर्षं वाट बघत होती. चिटणिसांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. न आलेले पैसे तेरा हजार दोनशे होते, मोठ्या बाई सोडून.

"सत्तर हजार मंजूर," चिटणीस म्हणाले. "तारण नाही. दहा तुम्ही या वहीतून वसूल करायचे. यांनी नाही," त्यांनी कवळीवाल्यांकडे बोट केलं, "यांनी." बोट बायकोकडे वळलं. "आणि बाईंचे पैसे घेतल्याची पावती सोमवारी दहाला माझ्या टेबलावर. पावती आली की चेक."

"पावती आली की लगेच?" बायकोने विचारलं.

"लगेच. टाकी मंगळवारी बसेल तुमची."

बायकोने वही मिटली आणि वहीतल्या पहिल्या नावाच्या घरी सरळ तिथूनच निघाली.

कवळीवाले मोठ्या बाईंकडे गेले. बाई पैसे काढूनच बसल्या होत्या.

"किती झाले?"

कवळीवाल्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं. त्यांनी ते आवळून धरलं. कपाळावर घाम आला. "चारशे," ते एकदाचे म्हणाले.

"पाचशेचं काम आहे."

"चारशेच, बाई."

"दोन तास, सतरा वेळा कागद. पाचशे." बाईंनी नोटा मोजून दिल्या. "मोजा."

"बरोबर असतील हो."

"मोजा म्हणते."

त्यांनी मोजल्या. पावतीपुस्तक त्यांच्याकडे कधी नव्हतंच; बाईंनी वहीचं पान फाडून दिलं आणि काय लिहायचं ते सांगितलं. त्यांनी लिहिलं, खाली सही केली, आणि पावतीची आणखी एक प्रत पतपेढीसाठी केली. बाईंनी दोन्ही तपासल्या, आपली घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला टेकून बसल्या.

"झालं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आता तुमच्याबद्दल माझी काही एक तक्रार नाही."

कवळीवाल्यांनी घाईघाईने उठून आधी खिडकी लावली.

"बाई, हळू," ते म्हणाले. "अजून चेक हातात पडलेला नाही."